एक्स्प्लेनर : पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षे लागली! लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आणि तुमच्या सोसायटीच्या पंपाचे वीजबिल

मारुंजीत गेल्या काही वर्षांत शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेल्या मुळशी तालुक्यातील या गावात आज कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या तळघरात डोकावले, तर एक दृश्य हमखास दिसते. जमिनीखालची पाण्याची टाकी, तिच्याशेजारी दोन-तीन पंप आणि प्रत्येक पंपाला जोडलेली पन्हाळीदार अंगाची इंडक्शन मोटर. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढते ते तिच्या जोरावर. लिफ्ट आणि पार्किंगमधले पंखेही बहुतेक मोटरवरच चालतात. सोसायटीच्या सामायिक वीजबिलाचा मोठा भाग त्यात जातो आणि वार्षिक सभेत वादही त्यावरूनच रंगतो.

ही मोटर किती वीज खाते आणि त्यातली किती वाया घालवते, हा प्रश्न महाराष्ट्रात पंपाशिवाय समजत नाही. आणि पंपाची गोष्ट निघाली की लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे नाव टाळता येत नाही. त्यांनी वीज वाचवण्याचे कोणतेही सूत्र मांडले नाही. त्यांचा झगडा त्याच्याही आधीच्या पायरीवर होता : विकत घेताना महाग, पण वापरताना स्वस्त पडणारे यंत्र लोकांना घ्यायला कसे लावायचे? मोटरच्या बाबतीत तो झगडा अजून संपलेला नाही.

१८८८ : एकाच वर्षी दोन सुरुवाती

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने शिकून चांगली नोकरी धरावी, ही त्या काळच्या घरातली साधी अपेक्षा. मुलाचे लक्ष मात्र दोनच गोष्टींत होते, चित्रकला आणि यंत्रांची मोडतोड-जोडणी. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी त्याची बाजू घेतली आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांत त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला काही रंगांतला फरक कळत नाही. रंगांधळेपणा असलेल्या चित्रकाराला पुढे जागा नव्हती. त्यांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि नुकत्याच सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आजचे व्हीजेटीआय) ड्रॉइंगचे शिक्षक झाले. शिकवणे संपले की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जात. यंत्रे उघडून पाहणे आणि पुन्हा जोडणे, हे त्यांचे खरे शिक्षण. पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

१८८८ मध्ये सायकल ही मुंबईतही नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवू लागले आणि रामूअण्णा बेळगावात त्या विकू लागले, शिवाय गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवू लागले. या दुकानाचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स.

योगायोग असा, की इंडक्शन मोटरही १८८८ चीच. त्या वर्षी मार्चमध्ये इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा शोधनिबंध मांडला आणि मे महिन्यात निकोला टेस्ला यांना अमेरिकेत मोटरची पेटंट मिळाली. पुढच्याच वर्षी मिखाइल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी थ्री-फेज मोटर आणि पिंजऱ्यासारखा रोटर बनवला. मारुंजीच्या तळघरात आज फिरते, ती तत्त्वाने हीच मोटर आहे. तिच्या फिरणाऱ्या भागाला वीज नेणारी वायर नसते, घासणारे ब्रश नसतात. बाहेरच्या वेटोळ्यांतले चुंबकीय क्षेत्र फिरते आणि आतला रोटर त्याच्यामागे ओढला जातो. बिघडण्यासारखे भाग इतके कमी, की जगाने तीच उचलली. आज जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण विजेपैकी सुमारे ४५ टक्के वीज निरनिराळ्या मोटरवर चालणाऱ्या यंत्रणांमध्ये जाते आणि त्यात इंडक्शन मोटरचा वाटा सर्वांत मोठा आहे.

नोकरी सोडली, नांगर धरला

व्हीजेटीआयमध्ये हक्काची बढती लक्ष्मणरावांऐवजी एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. सायकलचे दुकान होते, पण त्यांना विकायचे नव्हते, बनवायचे होते.

सुरुवात कडबा कापण्याच्या यंत्राने झाली. गुरांपुढे अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि दांडे पायदळी घालते. बारीक कापून दिला तर तेवढ्याच कडब्यात जास्त दिवस निघतात. ही कार्यक्षमताच आहे, फक्त युनिटऐवजी पेंढ्यांत मोजलेली.

मग आला लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन ओरखडतो, लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पलटी करतो. शेतकऱ्यांना ते पटेना. लोखंडामुळे जमीन नासते, पिकाला विष भिनते, असा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांकडे बहुतेक चरित्रे शेतकऱ्यांच्या अडाणीपणाचा किस्सा म्हणून पाहतात. ते पुरते खरे नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, मोडला तर बांधावर येऊन दुरुस्त करी. लोखंडी नांगराला रोख पैसे लागत आणि फाळ झिजला तर बेळगाव गाठावे लागे. ज्याचे वर्ष एका पावसावर अवलंबून आहे, त्याने नव्या वस्तूवर रोकड लावण्याआधी शेजाऱ्याच्या रानात दोन हंगाम पाहून घेतले, तर त्यात वेडेपणा नव्हता. लक्ष्मणरावांनाही हे उमगले असावे. त्यांनी नांगर तर सुधारलाच, पण सुटे भाग मिळण्याची सोय आणि जाहिरात यांवरही तितकाच जोर दिला.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले तोवर दुसरे संकट उभे राहिले. बेळगावच्या नगरपालिकेला ठळकवाडी हे नवे उपनगर वसवायचे होते आणि कारखान्याची जागा त्यात जात होती. लक्ष्मणरावांकडे यंत्रे होती, माणसे होती, जागा नव्हती.

३२ एकर माळ आणि निवडुंग

मदत आली औंध संस्थानातून. बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे, स्वतः चित्रकार. लक्ष्मणरावांचे त्यांच्याशी जुने स्नेहाचे संबंध होते. त्यांनी आधी औंधमधील एका बांधकामाचे काम दिले आणि नंतर कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ ३२ एकर जमीन आणि १० हजार रुपयांचे कर्ज देऊ केले.

जमीन म्हणजे ओसाड माळ होता. निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची मारामार. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. लक्ष्मणराव, रामूअण्णा, सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे यांनी रान साफ केले, तंबू आणि झोपड्यांत राहून भट्टी पेटवली. रेल्वे मात्र दाराशी होती. कच्चे लोखंड आणि कोळसा उतरवायला, तयार नांगर पाठवायला ती पुरेशी होती. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात येते. पुणे-मिरज मार्गावरून जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागते ते हेच.

वसाहत कशी असावी यावर लक्ष्मणराव कारखान्याइतकाच विचार करत. रस्ते, शाळा, पाणी, घरांची मांडणी त्यांनी स्वतः आखली. शिवाशिव मानायची नाही, हा वाडीचा नियम होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहाऱ्याचे काम दिले आणि वाडीच्या किल्ल्या त्यांच्या हाती सोपवल्या.

पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर येणे थांबले आणि मागणी किर्लोस्करवाडीकडे वळली. पण लोखंड आणि कोळसाही मिळेना. तेव्हा मोडीत निघालेले लोखंड गोळा करून वितळवण्यापर्यंत सगळे उपाय झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदवली गेली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्रक पुढे महाराष्ट्रातील घरोघरी वाचले जाणारे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. यंत्र विकायचे तर आधी वाचक तयार करावा लागतो, हे त्या काळी फार थोड्या कारखानदारांना सुचले.

मोटेच्या विहिरीवर पंप

नांगर, चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र यांच्यानंतर १९२६ मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला.

त्याआधी विहिरीतले पाणी मोटेने निघत असे. चामड्याची मोट, नाडा, धावेवरून खाली-वर करणारे बैल आणि थारोळ्यात ओतले जाणारे पाणी. परत जाताना बैल उलटे चालत, त्यात वेळ जाई. दिवसभर राबून भिजणारे क्षेत्र थोडे. पंप हेच काम न थांबता करतो. त्याच्या आतले पंख्यासारखे चाक, म्हणजे इम्पेलर, पाण्याला वेग देतो आणि बाहेरचे शंखाकृती कवच त्या वेगाचे दाबात रूपांतर करते. हे कवच ओतकामाचे असते. नांगरांमुळे किर्लोस्करवाडीला ओतकाम आधीच येत होते, त्यामुळे पंपाकडे वळणे ओघाने आले.

पंप फिरवायचा कशाने? १९२६ मध्ये खेड्यात वीज नव्हती. ऑइल इंजिन हा एकच मार्ग होता. वीज होती ती शहरांसाठी आणि गिरण्यांसाठी. इथे मुळशीचा संबंध येतो. ज्या सुमारास किर्लोस्करवाडीत पहिला पंप झाला, त्याच सुमारास टाटांच्या कंपनीने मुळशी खोऱ्यातील पाणी अडवून ते घाटाखाली भिरा येथील वीजकेंद्राकडे वळवले. १९२७ मध्ये ते केंद्र सुरू झाले. ती वीज मुंबईकडे गेली. धरणाखाली जमिनी गेलेल्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. त्यांचे रान बुडाले आणि त्याच तालुक्यातील खेड्यांना विजेचा दिवा दिसायला पुढे कित्येक वर्षे गेली.

१९४६ : इंजिनही, मोटरही

लक्ष्मणरावांनी मुलगा शंतनुराव आणि पुतण्या माधव यांना १९२२ मध्ये अमेरिकेत एमआयटीला पाठवले. माधव यांचा परदेशातच क्षयाने अंत झाला. शंतनुराव १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले आणि कारखान्यात रुजू झाले. १९४१ मध्ये कर्नाटकातील हरिहर येथे मशिन टूल्ससाठी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी उभी राहिली.

१९४६ मध्ये एकाच वर्षी दोन कंपन्या निघाल्या. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरूला विजेच्या मोटर बनवणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक. दुसरीची धुरा लक्ष्मणरावांचे पुत्र रवी यांनी घेतली. हिशेब सरळ होता. वीज नसेल तिथे पंपाला इंजिन जोडायचे, वीज पोहोचेल तिथे मोटर. लक्ष्मणराव तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि रोजचा कारभार पुढच्या पिढीकडे गेलेला होता.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग यानंतर आला. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जमावाने किर्लोस्करवाडीवर हल्ला केला आणि कारखान्याला आग लावली. ३८ वर्षे घालून उभे केलेले काम डोळ्यांदेखत जळाले. कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

मोटर वीज वाया घालवते म्हणजे नेमके काय?

आता मारुंजीच्या तळघरात परत येऊ. मोटरवर एक छोटी पाटी असते. तिच्यावर किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, फेरे आणि हल्ली ‘आयई’ हा दर्जा लिहिलेला असतो. साडेसात किलोवॅटची, म्हणजे साधारण १० एचपीची चार पोलची मोटर घेऊ. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिची किमान कार्यक्षमता अशी : आयई-१ दर्जाला ८६ टक्के, आयई-२ ला ८८.७, आयई-३ ला ९०.४ आणि आयई-४ ला ९२.६ टक्के.

आकडे जवळजवळ वाटतात, म्हणूनच फसवतात. साडेसात किलोवॅट काम देण्यासाठी आयई-१ मोटर सुमारे ८.७२ किलोवॅट वीज घेते. वरचे १.२२ किलोवॅट उष्णता होऊन जातात. घरातल्या एका इस्त्रीइतकी ही उष्णता आहे आणि पंप चालू असेपर्यंत ती इस्त्री चालूच असते. आयई-३ मोटर ८.३० किलोवॅट घेते आणि ०.८० किलोवॅट वाया घालवते. म्हणजे नासाडी एक तृतीयांशाने कमी होते.

ही उष्णता येते कुठून? सर्वांत मोठा वाटा तांब्याच्या वाइंडिंगचा. तारेतून प्रवाह गेला की ती तापते. तार जाड असेल, तांबे जास्त घातले असेल तर कमी तापते. दुसरा वाटा रोटरचा. फिरत्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा रोटर नेहमी थोडा मागे राहतो. क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर रोटर १४४० घेतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. स्लिप नसेल तर मोटर फिरणारच नाही, पण जितकी स्लिप जास्त तितका रोटर तापतो. तिसरा वाटा लोखंडाचा. ५० हर्ट्झच्या विजेवर त्याचे चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा पूर्ण उलटसुलट होते आणि प्रत्येक वेळी थोडी ऊर्जा जाते. हा हिशेब चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९२ मध्ये सूत्रात बसवला. पुढे लोखंडात सिलिकॉन मिसळल्यावर हे नुकसान बरेच घटले. शेवटी बेअरिंगचे घर्षण, मागच्या पंख्याला लागणारी ताकद आणि काही किरकोळ गळती.

चांगली मोटर म्हणजे जास्त तांबे, पातळ आणि उत्तम प्रतीच्या पत्र्यांचा लांब गाभा, चांगली बेअरिंग आणि छोटा पंखा. जादू काही नाही, माल जास्त लागतो. म्हणून ती वजनाला भारी आणि किमतीला महाग असते.

गंमत अशी, की जुन्या मोटरमध्ये माल भरपूर असे. पन्नास-साठच्या दशकांनंतर वाइंडिंगवरचे इन्सुलेशन सुधारले आणि जास्त उष्णता सोसू लागले. त्याचा फायदा मोटर थंड ठेवायला झाला असता. पण जगभरच्या उत्पादकांनी तेच काम कमी तांब्या-लोखंडात करून मोटर लहान आणि स्वस्त केली. ती तापते, तर तापू दे, जळत नाही ना, असा एकूण विचार. १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज महागली, तेव्हा कुठे कार्यक्षमतेकडे पुन्हा लक्ष गेले.

सोसायटीचा हिशेब

पंप दिवसाला सहा तास, वर्षाला ३०० दिवस पूर्ण भाराने चालतो असे धरू. १८०० तासांत आयई-१ मोटर सुमारे १५,७०० युनिट घेते. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १ लाख ५७ हजार रुपये. आयई-३ मोटर घेतली तर सुमारे ७६० युनिट, म्हणजे साडेसात हजार रुपये वाचतात. मोटर १० ते १५ वर्षे चालते. विकत घेताना किमतीत पडणारा फरक त्यामानाने फार लवकर भरून निघतो. कंपनीत हीच मोटर चोवीस तास, वर्षाला ८००० तास चालत असेल तर बचत सुमारे ३४०० युनिटवर जाते. चाकण-भोसरीचे कारखानदार मोटर बदलतात आणि सोसायट्या बदलत नाहीत, त्याचे कारण या तासांत आहे.

पण मोटर बदलण्याआधी पंप पाहायला हवा. एक लाख लिटर पाणी ६० मीटर, म्हणजे साधारण वीस मजले चढवायला निव्वळ साडेसोळा युनिट पुरतात. मोटर ८६ टक्के आणि पंप ६० टक्के कार्यक्षम असेल तर प्रत्यक्षात सुमारे ३२ युनिट लागतात. फक्त मोटर आयई-३ केली तर ३० वर येते. मोटर तीच ठेवून पंप ७२ टक्क्यांचा बसवला तर २६.५ वर. पहिला पैसा कुठे लावायचा, हे यावरून कळावे.

आणखी एक खाच. चांगल्या मोटरची स्लिप कमी असते, म्हणून ती थोडी जोरात फिरते, १४४० ऐवजी समजा १४६० फेरे. पंपाला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे या २० फेऱ्यांनी ती सुमारे ४ टक्के वाढते. टाकी लवकर भरते, त्यामुळे सगळी बचत बुडत नाही, पण पाइपातले घर्षण वाढून काही भाग नक्की जातो. मोटर बदलून बिल हलले नाही, अशी तक्रार असेल तर आधी इथे पाहावे. उपाय म्हणजे इम्पेलरचा व्यास किंचित कमी करणे किंवा व्हीएफडी बसवून वेग आवरणे. गच्चीच्या टाकीपर्यंत उंची ठरलेली असल्याने तिथे व्हीएफडीचा फायदा मर्यादित असतो. घरोघरच्या नळांना थेट दाबाने पाणी देणाऱ्या यंत्रणेत आणि मोठ्या पंख्यांवर तो खरा कामाला येतो.

जळालेली मोटर रिवाइंड करणे हा आपल्याकडचा रूढ मार्ग. काम चांगले झाले तर हरकत नाही. पण जुनी तार काढण्यासाठी गाभ्यावर थेट ज्योत धरली, की पत्र्यांमधला इन्सुलेशनचा थर जळतो आणि लोखंडातले नुकसान कायमचे वाढते. तार मूळ जाडीपेक्षा बारीक भरली तर तांब्यातलेही वाढते. मोटर चालते, आवाजही तोच येतो, फक्त मीटर जोरात पळतो. तीनदा रिवाइंड झालेली मोटर चौथ्यांदा देण्याऐवजी नवी घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते.

देशात २०१७ च्या सरकारी आदेशानंतर आयएस १२६१५ या भारतीय मानकात बसणाऱ्या थ्री-फेज मोटरना किमान आयई-२ दर्जा बंधनकारक झाला. बोअरवेलमधल्या सबमर्सिबल पंपांचा प्रकार वेगळा आहे. त्यांच्यासाठी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे स्टार लेबल पाहावे.

शेतकऱ्याने महाग पंप का घ्यावा?

सोसायटीला निदान बिल येते. शेतात गोष्ट वेगळी आहे. शेतीपंपांना वर्षानुवर्षे अनेक ठिकाणी मीटरऐवजी एचपीवर आकारणी झाली. मोटर किती वीज खाते, याचा बिलाशी संबंधच उरला नाही. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज लागू झाली. सुमारे ४४ लाख शेतकरी या योजनेत येतात. ज्याला युनिटचे पैसेच द्यायचे नाहीत, त्याने चार-पाच हजार जास्त मोजून पाच स्टारचा पंप घेण्याचे कारण उरत नाही. त्याला हवी असते ती कमी व्होल्टेजला न जळणारी मोटर, कारण डीपीवर भार जास्त आणि वीज ठरावीक तासांनाच. मोटर जळाली तर नुकसान रिवाइंडिंगच्या पैशांचे नसते, सुकलेल्या पिकाचे असते. म्हणून तो गरजेपेक्षा मोठी मोटर घेतो, तीही गावातला कारागीर भरून देईल अशी. शेतीपंपांची मोटर-पंप मिळून एकूण कार्यक्षमता अनेक ठिकाणी ३० टक्क्यांच्या आसपास सापडते, ती यामुळे.

लोखंडी नांगराच्या वेळी फायदा निदान शेतकऱ्याच्याच पदरात पडत होता. जास्त पिकले तर त्याचे. कार्यक्षम पंपाचा फायदा मात्र वीज कंपनीला आणि अनुदान भरणाऱ्या सरकारी तिजोरीला होतो. मग जादा किंमतही त्यांनीच भरायला हवी, हे तर्काने सरळ आहे.

तसा एक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा उपविभागात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या पथदर्शी प्रकल्पात सुमारे २,२०० जुने शेतीपंप काढून त्या जागी स्टार दर्जाचे पंप बसवले गेले. वर्षाला सुमारे ६१ लाख युनिटची बचत नोंदवली गेली, म्हणजे एका पंपामागे जवळपास २,८०० युनिट. नव्या पंपाचा भार शेतकऱ्यावर टाकलेला नव्हता.